मयत अकरा

चुकलेल्या उत्तरांच्या यादीत स्वतःचं नाव दिसलं आणि कुंदाचा घास हातातच राहिला. टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत, जिथं ऑपरेटर बाया डबे खायच्या, तिथं ती खिडकीपाशी एकटीच बसली होती. अठ्ठ्याऐंशीचा मार्च लागला होता, आणि जळगावच्या मार्चात भर दुपारी खिडकीचे गज हाताला चटका देतात. पत्रक डब्याशेजारी उघडं होतं. 'प्रश्न एकतीस. बरोबर उत्तर : अकरा. चुकीचे उत्तर देणारे : कुं. जी. सपकाळे, जळगाव (बारा).' सायक्लोस्टाइलची निळी शाई थोडी फुटली होती, म्हणून तिला आधी वाटलं, नाव दुसऱ्या कुणाचं असेल. मग तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. नाव तिचंच होतं. नऊ वर्षांत ते या यादीत एकदाही आलं नव्हतं. घास तिनं डब्यात परत ठेवला आणि बोटं तशीच, वरणाची, पत्रकावर टेकवली.

पत्रकाचं नाव 'चौकस'. धुळ्याचे बन्सीलालनाना म्हणून एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते, ते दर महिन्याला स्वतः स्टेन्सिल कापून ते छापत आणि टपालानं पाठवत. खानदेशभरचे साठ-पासष्ट सभासद होते: शिक्षक, पोस्टमास्तर, एक कंपाउंडर, धरणगावचे एक जिनिंगवाले. प्रत्येकानं प्रश्न पाठवायचे, उत्तरासोबत दोन आधार द्यायचे, आणि इतरांनी आपापली उत्तरं आधारांसह कार्डावर लिहून धाडायची. एवढाच खेळ. बक्षीस नाही, जाहीर सभा नाही. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. माणसं एकमेकांना हस्ताक्षरानं ओळखत. कुंदा सही करताना आद्याक्षरं लिहायची, म्हणून सगळ्यांनी तिला पुरुष धरलं होतं. नाना तिला पत्रात 'सपकाळेसाहेब' लिहीत. पहिल्या वेळी तिला हसू आलं होतं. दुरुस्त करू करू म्हणताना वर्ष गेलं, आणि पुढं तिला त्या साहेबांची सवय झाली. एक्स्चेंजमध्ये ती चाळिशीला टेकलेली, लग्न न झालेली, आईला सांभाळणारी कुंदाताई होती. धुळ्याच्या त्या निळ्या शाईत ती कधीही न चुकणारे सपकाळेसाहेब होती.

प्रश्न आला होता फेब्रुवारीत. ऑक्टोपसला हृदयं किती, अप्पर व्होल्टा या देशाचं आताचं नाव काय, आणि त्या दोहोंच्या मध्ये: 'इ. स. १९५५ मध्ये तापी नदीवर सावरघाट येथे नाव उलटून किती इसम दगावले?' ऑक्टोपससाठी तिनं सार्वजनिक वाचनालयात जाऊन जाड पुस्तक काढलं होतं. या प्रश्नासाठी काहीच उघडलं नाही. जन्मतारीख लिहावी तसं तिनं 'बारा' लिहिलं, आधारांच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि कार्ड पेटीत टाकून पाठ फिरवली. आपली नदी, आपला घाट असा छापून येतो, मधल्या ओळीत, हे तिला त्या दिवशी सोसलं नव्हतं. पण सोसलं नाही हेही तिनं स्वतःला सांगितलं नव्हतं. आता ते दोन्ही एकदम अंगावर आलं. जेवणाची सुट्टी संपली. तिनं हेडफोन चढवला, 'ट्रंक बुकिंग, नंबर बोला' म्हणाली, आणि भुसावळचा कॉल मालेगावला जोडला. तिकडून एक माणूस ओरडायला लागला. सुपरवायझर बाई मागं येऊन उभी राहिली. "बरं नाही का कुंदा?" तिनं मान हलवली. समोरच्या बोर्डावर भोकांच्या रांगा होत्या, आणि ती नकळत मोजत होती. अकरा. बारा. अकरा.

बारा हा आकडा तिला कधी कुणी शिकवला नव्हता, तो घरात होताच. ती सहा वर्षांची असताना नशिराबादच्या पुढं, नदीकाठच्या गावात ते राहत. पूल तेव्हा बांधून व्हायचा होता, आणि पलीकडं जायला झुलाल नावाड्याची नाव होती. थोरली झुंबर सतरा वर्षांची. तिचं लग्न ठरलं होतं, आणि आत्याला आवतण द्यायला सगळे पलीकडं निघाले होते: आबा, माय, झुंबर आणि कुंदा. आश्विनातली नदी, वरून शांत दिसणारी. नाव कशी उलटली ते कुंदाला आठवत नाही. आठवतो तो फक्त हात. पाण्यात तिच्या मुठीत एक हात होता, ओला, मनगटावर काचेच्या बांगड्या. तिनं तो घट्ट धरला होता. मग बांगड्या बोटांखाली गोल फिरल्या, हात निसटायला लागला, आणि तिनं, कुंदानं, मूठ उघडली. निसटला नाही, तिनं उघडली. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. नंतर ती काठावर होती, कुणीतरी तिला पालथी धरून पाणी काढत होतं, आणि माय जमिनीवर डोकं आपटत होती. त्या दिवसापासून झोप येईना, तेव्हा ती शाळेत वरच्या वर्गाकडून ऐकून पाठ झालेल्या राजधान्या म्हणायला लागली. पॅरिस, रोम, काबूल. नद्या म्हणायची नाही. राजधान्यांनंतर पर्वत, पर्वतांनंतर शोध लावणाऱ्यांची नावं. ज्या गोष्टी कुणी काही केलं तरी बदलत नाहीत, अशा गोष्टी तिनं एकेक करून जमवल्या, आणि त्या जमवता जमवता ती मोठी झाली, नोकरीला लागली, आबा गेले, माय म्हातारी झाली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा द्रौपदाबाई, तिची माय, ओट्याजवळ ताटात तूरडाळ घेऊन खडे वेचत बसली होती. कुंदानं चपला काढता काढता सहज विचारावं तसं विचारलं, "माय, त्या नावेत किती माणसं गेली होती गं?"

"बारा," माय वर न बघता म्हणाली. बोटं डाळीत फिरत होती. "अकरा, आन् आपली झुंबर."

एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचायला लागली. कुंदा मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. अकरा आणि आपली झुंबर. हे असंच ती म्हणत आली होती का? दरवर्षी त्या दिवशी माय बुद्धाच्या तसबिरीपुढं एक मेणबत्ती लावायची आणि पदर तोंडात धरून रडायची. तेव्हाही ती अशीच वेगळं करून मोजायची का? आपलं माणूस वेगळं मोजतात, त्यात काय. पण पाणी मारून मारून चेहरा गार पडला तरी कानशिलं तापलेलीच राहिली.

रविवारी तिनं धुळ्याची एस. टी. पकडली. स्वतःला तिनं सांगितलं होतं, एक दुरुस्ती करून घ्यायची आहे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या होत्या. बारावी माझी बहीण आहे, आणि तुम्ही तिला गाळलंत, हे वाक्य ती मनात पुन्हा पुन्हा लावून पाहत होती, आणि दर वेळी ते जास्त सौम्य होत होतं. पाचव्या गल्लीत नानांचं घर सापडलं. दारात बनियनवर एक ठेंगणे, जाड चष्म्याचे गृहस्थ स्टेन्सिल उन्हाला धरून पाहत उभे होते.

"कोण पाहिजे?"

"बन्सीलालनाना आपणच ना? मी जळगावहून आले. सपकाळे."

"सपकाळेसाहेबांच्या घरून?" त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग काळजीनं आवळला. "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"कुं. जी. म्हणजे मीच, नाना. कुंदा जीवराम."

नानांनी स्टेन्सिल खाली घेतलं. आत जाऊन सदरा घालून आले, वरचं बटण लावलं, ते चुकीच्या काजात लागलं. "नऊ वर्षं मी साहेब साहेब लिहितोय," ते म्हणाले, "आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत." त्यांनी खुर्ची पुढं केली. त्यांच्या पत्नी पाणी देऊन गेल्या. भिंतीला लागून जुन्या अंकांचे गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले, प्रत्येकावर वर्ष. एवढी वर्षं ज्या ठिकाणाला तिनं कार्डं पाठवली ते हे. तिला ते मोठं वाटलं होतं.

"एकतिसावा प्रश्न चुकलाय," कुंदा म्हणाली.

"आधार?" नाना सवयीनं म्हणाले.

"मी त्या नावेत होते."

आतून भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज आला. नाना अगदी हळू म्हणाले, "तो एक आधार झाला, ताई. मोठाच. पण माझ्याकडं दोन आहेत." आणि जणू माफी मागत असल्यासारखे उठून त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. प्रश्न धरणगावच्या पितांबर महाजनांनी पाठवला होता. त्यांचे वडील त्या काळी सर्कल इन्स्पेक्टर होते आणि जुने कागद घरात तसेच राहिले होते. पहिला आधार एका साप्ताहिकाचं कात्रण, पिवळं, घडीवर फाटलेलं: मयत अकरा, आणि खाली नावं. दुसरा, वडिलांच्या हातची पंचनाम्याची नक्कल. कुंदानं आधी कात्रण घेतलं. नावं वाचली. झुलालचा भाऊ वना. रुक्माबाई, वय बावीस. तिचं तान्हं मूल. निंबा, वय साठ. एकेक नाव तिनं बोटानं ओलांडलं. अकरा झाली. झुंबर नव्हती. "पाहिलंत?" ती म्हणाली, आवाज जरा चढला. "माझी बहीण यात नाहीच. गरिबाची पोर, महारवाड्यातली. कुणी मोजली नाही तिला." तिनं पंचनामा ओढला. अक्षर मोडी वळणाचं, घाईचं. पण अक्षरं लावायची तिला सवय होती. नाव, घाट, वेळ, पंचांच्या सह्या. आणि शेवटच्या परिच्छेदात: 'इसम नामे झुंबर जीवराम, वय अंदाजे सतरा, ही वाहून गेली असता घाटाखाली सुमारे एक मैलावर पुलाच्या मजुरांचे तळावर जिवंत मिळून आली. ओळख पटविणेकामी बाप जीवराम यांस बोलाविले असता, सदर मुलगी माझी नव्हे, माझी मुलगी मयत झाली, असे त्यांनी सांगितले. मुलीने आपले नाव झुंबर जीवराम असेच सांगितले. सबब मयत अकरा धरले.'

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं कागदावर होती पण अर्थ कुठं जात होता कळेना. हेडफोनमध्ये लाइन तुटल्यावर येते तशी एक सपाट शिट्टी दोन्ही कानांत सुरू झाली होती. जिवंत मिळून आली. सबब अकरा धरले. समोर नाना उभे होते, चष्मा काढून, डोळे बारीक करून, आणि त्यांना आत्ता, तिच्या चेहऱ्यावरून, काय झालं ते उमगत होतं. "जीवराम," ते म्हणाले. "कुंदा जीवराम. अरे देवा." मग खुर्चीत बसले. "मी आकडा पाहिला हो, ताई. दोन कागद, दोन्हींत अकरा. नावं मी वाचलीच नाहीत." तिला त्यांचा राग आला नाही. ती स्वतः नऊ वर्षं असंच करत आली होती: अमुक लढाईत किती मेले, तमुक जहाज बुडालं त्यात किती. ती उठली. नानांनी जेवून जा म्हटलं. ती 'हो' म्हणाली आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आली, आणि स्टँडवर पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की पंचनाम्याची नक्कल तिच्याच मुठीत आहे.

परतीच्या गाडीत तिला आबा दिसत राहिले. रेल्वेत गँगमन होते ते, कमी बोलायचे. तिला मॅट्रिकला पहिला वर्ग मिळाला तेव्हा त्यांनी भुसावळहून पेढे आणले होते आणि पुडा तिच्या हातात देऊन मागं फिरून उभे राहिले होते, भिंतीकडं तोंड करून. तेव्हा तिला वाटलं होतं, झुंबरची आठवण आली असेल. आली असेलच. पण कोणती झुंबर? जी बुडाली ती, की जी मैलभर खाली, ओल्या लुगड्यात, समोर उभी होती आणि म्हणत होती की मी झुंबर जीवराम? त्या साहेबानं त्यांना विचारलं असेल, ही तुमची मुलगी का? केवढा सोपा प्रश्न. दोन शब्दांचं उत्तर. आणि तेहतीस वर्षं ही, कुंदा, मूठ उघडलेल्या हातानं झोपत होती. मांडीवर पडलेल्या स्वतःच्या हाताकडं तिनं पाहिलं. बोटं मिटून घेतली, उघडली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय दुखतंय का?" पारोळ्याला गाडी थांबली, विकणारे खिडक्यांशी आले, गाडी सुटली. बहीण जिवंत आहे याचा आनंद व्हायला हवा, असं तिनं स्वतःला बजावलं. पण आनंदाच्या जागी नुसती पोकळी होती, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तशी.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. माय दारात बसली होती. कुंदा तिच्यासमोर खालीच बसली, रस्त्याकडं पाठ करून.

"माय. झुंबर जिती होती."

मायचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच थांबला. ती रडली नाही, दचकलीही नाही. नुसतं विचारलं, "कोन सांगं तुले?"

"कागद आहे सरकारी. आबा म्हणाले, ही माझी मुलगी नव्हे."

"तुना आबा एकलाच नव्हता तठे," माय म्हणाली. कुठं दूरवर बोलावं तसा तिचा आवाज होता. "मी बी व्हती. त्या सायबनी मले बी इचारं. मी काहीच बोलनू नही."

मग ती सांगत गेली, मध्येच थांबत, पदराचं टोक चिमटीत धरून. धरणगावचं स्थळ बिजवराचं होतं, दोन पोरं असलेल्याचं. पुलावर दगड फोडायला साक्रीकडची माणसं आली होती, त्यांत नथ्थू नावाचा एक जण. पोरगी पाण्याला जायची, तिथं बोलणं झालं असेल. आपल्यातला नव्हता तो, आणि आपण त्याच्यातले नव्हतो. नाव उलटली तेव्हा त्यानंच उडी टाकून तिला काढली. "ती म्हने, मी घर येत नही. यानी मले काढं, मी यानीच. बठ्ठा मजुरसमोर म्हने. तुना आबा काळानिळा पडना. म्हने, गावले काय सांगू? बुडनी तेच बरं शे."

"आणि तू दरवर्षी मेणबत्ती लावत होतीस."

"लावत व्हती."

"रडत होतीस."

"खोटं नही रडनू मी," माय एकदम तीव्रपणे म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिनं कुंदाकडं पाहिलं. "पोर गयी मनी. जिती गयी का मरीसन गयी, रडूले काय फरक पडस?"

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. कुंदाला विचारायचं होतं, मला का सांगितलं नाहीस, मी सहा वर्षांची होते, मग सोळा, मग तीस. तिनं ते विचारलंही, पण फारच लहान आवाजात. "तू बठ्ठा जगनं इचारस," माय म्हणाली. "पोस्टात कागदं टाकस, पुस्तकं आनस. हाई कधी इचारं नही. मले वाटे, तुले माहित शे, म्हनीसन इचारत नही." ते खरं होतं. बाराचा आकडा तिनं कधी कुणाला विचारला नव्हता. विचारलं असतं तर पाण्यातल्या हाताचंही निघालं असतं.

मायला एवढंच माहीत होतं की नथ्थूचं गाव साक्रीपलीकडं डोंगरात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी गावच्या भिकुबाईनं झुंबरला साक्रीच्या बाजारात पाहिलं होतं. गावाचं नाव मायनं न अडखळता सांगितलं. इतकी वर्षं ते नाव तिनं तोंडात धरून ठेवलं होतं. "तू येतेस?" कुंदानं विचारलं. मायनं मान हलवली. "मले कसं दखाडता ई तिले तोंड?"

बाजाराच्या दिवशी कुंदा साक्रीत उतरली. टोपल्या विकणाऱ्या एका बाईनं तिला त्या गावच्या जीपमध्ये बसवून दिलं. जीप चढणीला लागली तशी शेतं लहान होत गेली, झाडं वाढली, आणि एका वळणानंतर सगळीकडं मोहाचा वास पसरला, गोड, अंगावर येणारा. घर कौलारू होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि एक पांढऱ्या केसांची, उन्हानं रापलेली बाई उकिडवी बसून त्यांतला पाचोळा वेचत होती. पाठमोरी. ती पाठ मायची होती. कुंदा अंगणाच्या कडेलाच थांबली. मग त्या बाईनंच मान वळवली.

"कोन वं बाई?"

"मी कुंदा. जीवरामची."

बाईनं हातातला पाचोळा खाली टाकला. उठली नाही. "नही," ती म्हणाली, एखादीला चुकीच्या घरी आलीस असं सांगावं तसं. "कुंदा नही. कुंदा मरी गयी."

कुंदाला वाटलं, ऐकायला चुकलं. पण बाई शांतपणे पुढं बोलत होती, डोळे मात्र हिच्या चेहऱ्यावर फिरत होते, कपाळावर, हनुवटीवर, परत कपाळावर. आबांनी सांगितलं होतं तिला, मजुरांच्या तळावर, जाता जाता. धाकली बुडाली, तुझं लगीन मांडलं म्हणून नावेत बसलो, तुझ्यापायी गेली; आता तूही मेलीस. माय शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. मग घरी कुठल्या तोंडानं जायचं? नथ्थू म्हणायचा, एकदा जाऊन ये. दोन वर्षांपूर्वी तोही गेला. "कितला साल मी तुनं नाव लिसन भाकर ठेवी," झुंबर म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ती हातांवर जोर देऊन उठली, पुढं आली आणि कुंदाचा चेहरा दोन्ही हातांनी धरून दाबून पाहायला लागली, आंधळी माणसं पाहतात तसा. तिच्या तळव्यांना मोहाचा चिकट वास होता. कुंदाला रडू येत नव्हतं.

ओट्यावर बसल्यावर कुंदानं ते सांगितलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि शब्द इतके थोडे लागले. "अक्का, पाण्यात तुझा हात माझ्या हातात होता. मी सोडला."

"कसाना हात?" झुंबर म्हणाली. "तू मायना मांडीवर व्हती, पल्याडला टोकले. मी आठे, झुलालजोडे. आपली भेटच नही पानीमा."

"बांगड्या होत्या. काचेच्या."

"मना हातमा बांगड्या नव्हत्याच त्या दिन. लगीनन्या भरन्या व्हत्या, म्हनीसन जुन्या काढी टाक्या व्हत्या." झुंबरनं स्वतःचं मनगट पुढं केलं, जणू ते आजही रिकामं आहे हे दाखवायला. "तो मना हात नही वं."

कुंदा त्या मनगटाकडं पाहत राहिली. सुटल्यासारखं एक क्षणभर वाटलं, फक्त एक क्षण. पुढच्याच क्षणी बोटांखाली बांगड्या फिरल्या, गोल, स्पष्ट, आजवर कधी फिरल्या नव्हत्या इतक्या स्पष्ट. हात होता. मग कुणाचा? रुक्माबाई, वय बावीस, आणि तिचं तान्हं. कात्रणातली बाकीची नावं तिला भराभर आठवायला लागली, आणि प्रत्येक नावाला एक मनगट फुटायला लागलं. हे आता कोण सांगणार होतं? कुठला कागद, कुठला पंच? एका उत्तरासाठी लागणारे दोन आधार सोडाच, अर्धाही उरला नव्हता. तिचा श्वास वर गेला तो खाली येईना. झुंबरला काय झालं ते कळलं नाही, पण तिनं हिची पाठ चोळायला सुरुवात केली, खालून वर, खालून वर, लहान पोराला ठसका लागल्यावर चोळतात तशी. बऱ्याच वेळानं श्वास उतरला.

आत चुलीपाशी झुंबरची सून भाकरी थापत होती. मघापासून ती दाराच्या चौकटीतून पाहत होती. न राहवून तिनं विचारलं, "माय, ह्या कोन शेतस?"

"मनी बहीन," झुंबर म्हणाली.

"कोनती?" सुनेचा हात थांबला. "धाकली? ती ते नदीमा मरी गयथी ना?"

"हाओ. मरी गयथी," झुंबर म्हणाली. तिचा हात कुंदाच्या पाठीवर तसाच होता. "आज परत उनी."

सून क्षणभर दोघींकडं बघत राहिली. मग डब्यात हात घालून तिनं परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.